बॉयलर, खांब आणि छप्पर : महाराष्ट्रातील ऊर्जाक्षेत्रातल्या कुशल कामाची पार्श्वभूमी

आयटीआयच्या प्रवेशअर्जात वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर) अशी व्यवसायांची नावे वाचणाऱ्या मुलाला ती निव्वळ सरकारी भाषांतरे वाटतात, पण त्यांच्यामागे शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : ऊर्जा बदलली तरी ती हाताळणारे हात बहुधा आधीच्या ऊर्जेकडूनच उसने घेतले जातात, आणि प्रमाणपत्र मागाहून, पुष्कळदा अपघातानंतर, येते.

सुरुवात विजेपासून नव्हे, वाफेपासून करावी लागते. 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगावात बॉयलरांची धुराडी उभी राहिली. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाचे मुख्य काम काचेच्या नळीतील पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवण्याचे होते. पातळी फार खाली गेली की आतला धातू बेसुमार तापतो, आणि अशा वेळी घाबरून गार पाणी सोडले तर एकदम वाफ होऊन बॉयलर फुटण्याची भीती असते. हे ज्ञान कोणत्याही वर्गात मिळत नसे, ते उस्तादाच्या शेजारी उभे राहून मिळे. 1863 मध्ये कलकत्त्यात झालेल्या बॉयलरच्या स्फोटात माणसे दगावली, तेव्हा दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला; मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले आणि 1923 मध्ये सर्व देशासाठी एकच बॉयलर कायदा झाला. प्रथम आणि द्वितीय श्रेणीच्या बॉयलर अटेंडंटची परीक्षा याच परंपरेतून आली. तिला बसण्यासाठी आजही आधी बॉयलरवर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि ती अट मला फार शहाणपणाची वाटते. शिक्षणसंस्था मात्र या काळात मोजक्याच होत्या. 1887 मध्ये स्थापन झालेली मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट मुख्यतः गिरण्यांची गरज डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली.

1915 मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील तलावांचे पाणी घाटाखाली आणून तयार केलेली ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती, त्यामुळे वाफेच्या इंजिनाची जागा विद्युत मोटारीने घेतली ती त्याच गिरण्यांच्या खात्यांमध्ये. पुढे भिवपुरी (1922) आणि भिरा (1927) ही केंद्रे आली. यांतील भिऱ्यासाठी बांधलेल्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता; ऊर्जाक्षेत्रातील रोजगाराची कथा सांगताना जमीन गमावलेल्या या मावळ्यांचे स्मरण सहसा होत नाही, म्हणून येथे नोंदवतो.

विजेला रंग, वास आणि आवाज नसतो, त्यामुळे येथे कायदा लवकर आला. 1910 च्या विद्युत कायद्याखाली नियम होत गेले, आणि 1956 च्या नियमांतील पंचेचाळिसाव्या नियमाने विद्युत मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिटधारक कामगाराकडूनच व्हावे असे ठरवून दिले. त्याआधी, 1950 मध्ये, केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू करून सुमारे पन्नास आयटीआय उभारल्या होत्या. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील प्रत्यक्ष उमेदवारीला कायदेशीर चौकट दिली. वर्गातले शिक्षण, उमेदवारी आणि परमिट असा तीन पायऱ्यांचा रस्ता तेव्हापासूनचा आहे.

20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी खांब पोहोचू लागले, तशी 'गावचा वायरमन' ही असामी जन्माला आली. मदतनीस म्हणून लागलेला माणूस खांबावर चढता चढता लाईनमन होई. त्याच्या कामाचा गाभा 'लाईन क्लियर' या दोन शब्दांत होता. दुरुस्तीपूर्वी उपकेंद्रातील यंत्रचालकाकडून फिडर, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी वाहिनी, बंद करून घ्यायचा, परमिट घ्यायचे, तार खरोखर मृत आहे याची खात्री करायची, मग ती अर्थ करायची, म्हणजे जमिनीशी जोडायची, आणि नंतरच हात लावायचा. यातली अर्थ करण्याची पायरी घाईत गाळली जाते, आणि कुणाच्या तरी घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटी वीज तारेत सोडतो तेव्हा त्या घाईची किंमत कळते.

वीजकेंद्रांमध्ये वेगळा पट मांडला गेला. 1962 मध्ये कोयनेच्या पहिल्या टप्प्यातून वीज मिळू लागली. पोफळीचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. कोराडी, परळी, भुसावळ, चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांत जुना बॉयलर पुन्हा भेटला, फक्त कितीतरी मोठ्या आकारात. 100 मेगावॉट आणि त्याहून मोठ्या केंद्रांत चालवण्या-राखण्याचे काम करणाऱ्यांना विहित प्रशिक्षण नियमांनीच सक्तीचे केले. त्यासाठी नागपूरला राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचे केंद्र आहे. 1969 मध्ये तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, तिच्यासाठी लागणारे वैज्ञानिक आणि अभियंते तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्रातील 1957 पासूनच्या प्रशिक्षणशाळेत घडले. पण तिथेही पाईप जोडणारा संधाता आणि पंप बसवणारा जोडारी लागतोच.

2003 च्या विद्युत कायद्यानंतर, 6 जून 2005 रोजी, मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. भरतीची रचनाही बदलत गेली : आयटीआय झालेला उमेदवार आता विद्युत सहायक म्हणून ठरावीक मानधनावर तीन वर्षे काम करतो आणि मग तंत्रज्ञ होतो. लाईनमनला आज महावितरण 'जनमित्र' म्हणते. खांबावर मुलीही चढतात, आणि त्याचे नवल आता ओसरत चालले आहे.

नव्वदच्या दशकाअखेरीस साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरू लागल्या, मात्र संख्येने सर्वांत मोठी दारे सौरऊर्जेने उघडली. 2015 मध्ये केंद्राने 'सूर्यमित्र' प्रशिक्षण सुरू केले : सुमारे तीन महिने, सहाशे तास, निवासी. त्यासाठी प्राधान्याने मागितलेली पात्रता वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी अशी, म्हणजे जुन्या आयटीआयच्याच यादीतली आहे. फेब्रुवारी 2024 मधील पीएम सूर्यघर योजनेने एक कोटी घरांच्या छपरांचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा मागणी आणखी वाढली. या छपरावर चढलेल्या तारतंत्र्याला एक जुनी सवय मोडावी लागते. मेन स्विच खाली ओढला की इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी बदलणारे यंत्र) थांबतो, पण ऊन पडत आहे तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमध्ये डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, दाब तसाच राहतो. तो तोडायला डीसी बाजूचा वेगळा स्विच असतो, आणि त्या स्विचच्याही पलीकडची, पॅनेलकडची वायर हाताळायची तर पॅनेल झाकावे लागते किंवा संध्याकाळची वाट पाहावी लागते.