एका पॉइंटरचं ऋण : डाल्मेशियनचा मुतखडा आणि जनुक चाचणी

‘युरिक ॲसिड वाढलंय’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही घरात ऐकू येतं. कुत्र्यांना मात्र हा त्रास सहसा नसतो. त्यांचं यकृत युरिक ॲसिडचं ॲलँटॉइन करतं, आणि ते पाण्यात सहज विरघळून लघवीवाटे निघून जातं. याला ठळक अपवाद म्हणजे डाल्मेशियन ही ठिपक्यांची जात. इतर कुत्र्यांच्या लघवीतून दिवसाला १० ते ६० मिलिग्रॅम युरिक ॲसिड जातं, तर याच्या लघवीतून ४०० ते ६००. त्याचे खडे होतात. नराची मूत्रनलिका शिश्नातल्या हाडाच्या खोबणीतून जाते आणि खडा नेमका तिथे अडकतो. कुत्रा पाय वर करून उभा राहतो, जोर करतो, पण लघवीचा थेंब येत नाही. वेळेत उपचार झाले नाहीत तर तो दगावतो.

डाल्मेशियनचं हे वेगळेपण १९१६ पासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. १९३८ मध्ये ट्रिम्बल आणि कीलर यांनी संकर करून दाखवलं की हा गुण अप्रभावी आहे : आई आणि बाप दोघांकडून जनुकाची सदोष प्रत आली तरच तो दिसतो. मग उपाय सोपा वाटतो. निरोगी प्रत असलेले कुत्रे शोधायचे आणि त्यांची वीण वाढवायची. अडचण अशी, की शुद्ध डाल्मेशियनमध्ये ती प्रत उरलीच नव्हती.

याचं मूळ वंशनोंदणीच्या पद्धतीत आहे. ब्रिटनचा केनेल क्लब १८७३ मध्ये, अमेरिकेचा १८८४ मध्ये स्थापन झाला. आईबाप दोघेही नोंदलेले असतील तरच पिल्लाला शुद्ध जातीची नोंद, असा नियम रुळला. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळायची रीत आहे. इथे नेमकं उलटं झालं आणि सारी जात एकाच मोठ्या गोत्रात कोंडली गेली. ठिपके ठसठशीत आणि सुटे यावेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, त्या निवडीबरोबरच सदोष प्रतही पक्की झाली, असा रॉबर्ट शैबल यांचा कयास होता.

शैबल हे अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ, आणि स्वतः डाल्मेशियन पाळणारे. १९७३ मध्ये त्यांनी पॉइंटर या दुसऱ्या जातीचा एक कुत्रा आणि एक डाल्मेशियन यांचा संकर केला, एकदाच. त्यानंतर प्रत्येक पिढीत शुद्ध डाल्मेशियनशीच जोडी लावली. पॉइंटरचा वाटा दर पिढीला निम्मा होत गेला. पाचव्या पिढीत तो बत्तिसाव्या हिश्श्यावर आला. जनुक ठाऊक नसल्यामुळे कोणत्या पिल्लात निरोगी प्रत उतरली हे लघवीतलं युरिक ॲसिड मोजून ठरवावं लागे. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने यातल्या दोन कुत्र्यांची नोंद केली. पण डाल्मेशियन क्लबच्या सदस्यांनी कडाडून विरोध केला आणि पुढच्या नोंदी थांबल्या. जातीवरच्या प्रेमापोटीच हा विरोध झाला असेल, हे मी मानतो. तरीही त्याची किंमत कुत्र्यांनी मोजली, आणि तीही जवळपास तीस वर्षं.

नोंद नाकारली गेली तरी शैबल आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांनी ही वीण सोडली नाही. तिचं मोल पुढे प्रयोगशाळेत कळलं. जनुकाचा माग काढायचा तर बाधित आणि अबाधित कुत्र्यांची तुलना हवी. सगळेच बाधित असलेल्या जातीत ती करणार कशी? शैबल यांच्या वंशावळीत दोन्ही प्रकार होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॅनिका बॅनाश यांच्या गटाने २००६ मध्ये त्या वंशावळीच्या आधारे हा दोष तिसऱ्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी, २००५ मध्ये, ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्याने पुढचा शोध सुकर झाला. २००८ मध्ये जनुक सापडलं : एसएलसी२ए९. यात डीएनएचं एकच अक्षर बदललेलं, त्यामुळे युरिक ॲसिड पेशीत नेणारं प्रथिन निकामी. ॲलँटॉइन बनवणारं विकर (एन्झाइम) यकृतात असतं. युरिक ॲसिडच त्याच्यापर्यंत पोचत नाही. माणसाच्या गाऊटशीही, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीशीही, याच जनुकाचा संबंध असल्याचं त्याच वर्षी समोर आलं.

चाचणी आता गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावर होते. बुलडॉग आणि ब्लॅक रशियन टेरियर यांच्यातही हाच बदल आढळला. पण त्यांच्यात दोन्ही प्रती असल्याने नुसत्या चाचणीने जोड्या निवडता येतात. डाल्मेशियनमध्ये मात्र त्या एका पॉइंटरशिवाय चाचणीला निवडण्याजोगं काहीच सापडलं नसतं. ‘शुद्ध’ या शब्दाला आपण किती मान द्यायचा, हा प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

२०११ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या वंशाच्या कुत्र्यांसाठी दार उघडलं. ब्रिटनमध्येही त्याच सुमारास नोंद मिळाली. पिल्लाला एक निरोगी प्रत मिळाली तरी पुरते. दोन्ही प्रती निरोगी असलेल्या नराशी जुन्या वंशाच्या मादीची जोडी लावली, तर वेतातलं एकही पिल्लू या दोषाने बाधित नसतं.