विचारपूस

१९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी एक प्रयोग सुरू केला. त्यात नवं औषध नव्हतं, नवी उपचारपद्धतीही नव्हती. होती ती फक्त पत्रं. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून घरी परतलेल्या आणि पुढचे उपचार चालू न ठेवलेल्या ८४३ जणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाशी पुढे काही संपर्क ठेवला नाही. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला, रुग्णालयात ज्याच्याशी त्याचं बोलणं झालं होतं त्याच माणसाकडून पत्र जाऊ लागलं. मजकूर दोन-तीन ओळींचा. तुम्ही इथून गेलात त्याला बरेच दिवस झाले, तुमचं ठीक चाललं असेल अशी आशा आहे, कधी चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंदच होईल. एवढंच. पहिले चार महिने दर महिन्याला, पुढचे आठ महिने दोन महिन्यांतून एकदा आणि मग चार वर्षं दर तीन महिन्यांनी. पाच वर्षांत २४ पत्रं.

‘गोळ्या घेता ना?’ असं त्यात कुठे विचारलेलं नव्हतं. ‘तपासणीला या’ असंही नव्हतं. पत्रातून कसलीही अपेक्षा डोकावता कामा नये, यावर मोटो ठाम होते. दुसऱ्या महायुद्धात ते युरोपात असताना ओळखीची एक मुलगी त्यांना साधीसुधी पत्रं लिहायची. त्या पत्रांनी दिलेला धीर ते विसरले नव्हते. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्येमुळे झालेले मृत्यू दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होते. पत्रं थांबल्यावर हा फरक हळूहळू विरत गेला. तो विरला, हेही मला फार बोलकं वाटतं. काही जणांनी उत्तरं लिहिली. एकानं तर चक्क शिवी देऊन लिहिलं, की तुमच्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही, म्हणजे तुम्हाला माझी खरोखरच काळजी असणार.

मराठीत या पत्रांसाठी नेमका शब्द आहे : विचारपूस. सल्ला, उपदेश किंवा चौकशी यांहून ती वेगळी. विचारपूस करणाऱ्याला उत्तरातून स्वतःसाठी काही नको असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसं आत्महत्येनं मरण पावतात. १५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक तिसरा आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे दोन ओळींची पत्रं कुठे पुरणार, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून आधी अशा वेळी मनात काय चाललेलं असतं ते पाहू.

व्हिएन्नातले डॉक्टर एर्विन रिंगेल यांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या शेकडो रुग्णांशी बोलून एक गोष्ट टिपली. त्यांचं जग आक्रसत गेलेलं असतं. आधी माणसं कमी होतात, मग आवडीनिवडी, मग पर्याय. शेवटी एखाद्या बोगद्यात सापडल्यासारखं होतं आणि आजूबाजूला वाटा असल्या तरी डोळ्यांना त्या दिसेनाशा होतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी उभं आयुष्य या विषयाला दिलं. त्यांच्या मते मुळाशी असते ती असह्य मानसिक वेदना, आणि ती थांबवणं एवढंच त्या माणसाला हवं असतं. मरणाची ओढ आणि जगण्याची ओढ दोन्ही एकाच वेळी मनात असतात. ‘मला मरायचंय’ म्हणणारा माणूस अनेकदा ‘हे आता सोसवत नाही’ असं सांगत असतो. ही वेदना उरलीच नाही तर त्याला जगायचं असतं.

ही वेदना ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकता येत नाही. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपलेला माणूस पडद्यावर दोन जणांबरोबर चेंडू टाकण्याचा साधा खेळ खेळतो. थोड्या वेळानं ते दोघं एकमेकांकडेच चेंडू टाकू लागतात, त्याच्याकडे येऊच देत नाहीत. काहीही पणाला लागलेलं नसतं. तरीही शारीरिक वेदना नकोशी वाटते तेव्हा मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तोच इथेही जागा झालेला दिसला. पडद्यावरच्या चेंडूची ही गत, तर घरात, वर्गात, कामाच्या ठिकाणी रोज वगळलं जाणाऱ्याचं काय होत असेल?

थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात दोन भावनांवर भर आहे. ‘माझं कुणी नाही’ ही एक आणि ‘माझा सगळ्यांना भार होतोय’ ही दुसरी. या दोन्ही एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते. यातली दुसरी मला जास्त धोक्याची वाटते, कारण ती त्यागाचं सोंग घेऊन येते. ‘माझ्यावाचून तुम्ही सुखात राहाल’ असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नये. जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, निरवानिरवीची भाषा, झोप पार उडणं, पिणं अचानक वाढणं, माणसांतून उठून जाणं, दीर्घ तगमगीनंतर एकाएकी शांत होणं, या खुणाही तशाच. मात्र प्रत्येकात त्या दिसतीलच असं नाही. ज्यांच्या घरात अशी घटना घडून गेली आहे त्यांनी ‘मला कळायला हवं होतं’ म्हणून स्वतःला कोसत राहू नये, असं मला मनापासून सांगायचं आहे. अनुभवी तज्ज्ञांनाही नेमकं कोण आणि कधी, हे आधी ओळखता येत नाही.

विचारपुशीचा जोर कुठे पोचतो हे कळायला वेळेचं गणित पाहावं लागतं. प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी सांगितलं, की त्या वेळचा पहिला विचार आणि कृती यांत दहा मिनिटांहून जास्त अंतर नव्हतं. त्या आधीची तगमग महिनोन्‌महिने चाललेली असते, पण अगदी टोकाची लाट बहुतेकदा थोडा वेळच राहते आणि ओसरते. रिचर्ड सायडेन यांनी १९७८ मध्ये अशा ५१५ जणांचा मागोवा घेतला, ज्यांना प्रयत्नाच्या क्षणी कुणी ना कुणी अडवलं होतं. कितीतरी वर्षांनीही त्यांच्यातले ९० टक्क्यांहून अधिक लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. ‘ज्यानं ठरवलंय तो आज ना उद्या करणारच’ ही समजूत किती चुकीची आहे ते यावरून दिसतं. श्रीलंकेनं १९९० च्या दशकात सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, आणि २००५ पर्यंत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. लाट ओसरेपर्यंत जीव घेणारं साधन हाताशी नसणं आणि कुणीतरी माणूस हाताशी असणं, दोन्हींनी जीव वाचतात.

मग विचारायचं कसं? इथे बहुतेकांची जीभ अडखळते. आपण विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात भरवला असं होईल, ही भीती असते. ही भीती तपासून झाली आहे. मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं होतं, काहींना नाही. विचारल्यामुळे कुणाचा ताण वाढला नाही, की विचार बळावले नाहीत. उलट जी मुलं आधीच खचलेली होती, त्यांना विचारल्यावर थोडं हलकं वाटल्याचं दिसलं.

तेव्हा आडवळणानं न जाता विचारावं. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं शांतपणे, एकांतात आणि हातात वेळ असताना. ‘तसलं काही वेडंवाकडं तर नाही ना मनात?’ असं विचारलं तर समोरच्याला ‘नाही’ म्हणण्यावाचून दुसरी वाटच उरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर दचकू नये, रागावू नये, तत्त्वज्ञानही सांगू नये. ‘तुला काय कमी आहे’, ‘मन घट्ट कर’, ‘आईवडिलांचा विचार कर’ ही वाक्यं आपण प्रेमापोटी बोलतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून ‘मी भार आहे’ याची पावतीच मिळते. ‘हे सगळं तू एकट्यानं सोसत होतास? सांग मला’ एवढं पुरतं. मग गप्प बसून ऐकायचं. कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नये. धोका आत्ताचा आहे असं वाटलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घातक वस्तू दूर करायच्या आणि डॉक्टरांपर्यंत किंवा मदतवाहिनीपर्यंत त्याच्या सोबतीनं पोचायचं. भारतात टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. हे वाचताना तुमच्याच मनात असं काही चाललं असेल, तर लेख इथेच बाजूला ठेवा आणि आधी कुणाशी तरी बोला.

ऐकण्यासाठी पदवी लागते का? लंडनमधले धर्मोपदेशक चॅड वारा यांना वाटलं होतं, लागते. १९५३ मध्ये त्यांनी संकटातल्या माणसांसाठी फोनसेवा सुरू केली तेव्हा सल्ला ते स्वतः देणार होते. स्वयंसेवक फक्त आलेल्यांना चहा देऊन बसवून घेत. काही काळानं वारा यांच्या ध्यानात आलं, की बाहेर बसलेले बरेच जण त्यांना न भेटताच, पण हलके होऊन घरी जातात. स्वयंसेवक त्यांचं ऐकून घेत होते. वारा यांनी हे मोकळेपणानं मान्य केलं आणि ऐकण्याचं काम त्यांच्याचकडे सोपवलं. सॅमॅरिटन्स ही संस्था आजही तशीच चालते.

याहून पुढचं पाऊल झिंबाब्वेत पडलं. मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण आत्महत्येनं गेली. रुग्णालयापर्यंत यायला तिच्या घरच्यांकडे बसभाडं नव्हतं. दवाखाना माणसांपर्यंत न्यायचा तर माणसं कुठून आणायची? २००६ मध्ये त्यांनी हरारेत वस्तीतल्याच आजीबाईंना प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्याच्या अंगणात लाकडी बाक मांडले. आजी बाकावर बसते, ऐकते, आणि डोंगराएवढ्या वाटणाऱ्या अडचणींतली एक निवडून तिच्यावर काय करता येईल ते पाहुण्याबरोबर ठरवते. ‘नैराश्य’ हा परका शब्द त्या वापरत नाहीत. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे फार विचार करत बसणं, तोच शब्द बोलण्यात असतो. ५७३ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सहा महिन्यांनी नेहमीची सेवा मिळालेल्या गटात सुमारे ५० टक्के लोकांना नैराश्याची लक्षणं होती, तर बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्के.

आणि विचारपुशीची सर्वांत मोठी परीक्षा जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत घेतली. त्यात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांच्या वाट्याला नेहमीचे उपचार आले. उरलेल्यांशी निघण्यापूर्वी तासभर बोलणं झालं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन ‘कसं चाललंय’ विचारलं गेलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पहिल्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येनं गेले, दुसऱ्यात ०.२ टक्के.

प्रत्येक ठिकाणी असंच यश आलं असं मात्र नाही. पोस्टकार्डं आणि मोबाइल संदेशांच्या पुढच्या चाचण्यांत काही ठिकाणी फरक पडला, काही ठिकाणी नाही. मला वाटतं, संदेशामागचा माणूस वजा केला की उरतं ते नुसतं स्मरणपत्र. शिवाय तीव्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया, व्यसन यांवर वैद्यकीय उपचार लागतातच. शेजाऱ्याच्या मायेनं मधुमेह बरा होत नाही, तसेच हे आजारही होत नाहीत. शेजारी दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत करू शकतो, आणि कितीतरी जण नेमके त्या दाराच्या अलीकडेच अडलेले असतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरानं २००१ आणि २००२ मध्ये हे दोन्ही जोडून पाहिलं. फॅमिली डॉक्टरांना नैराश्य ओळखायला शिकवलं. शिक्षक, धर्मोपदेशक, पोलिस, औषध दुकानदार अशा रोज माणसांत वावरणाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. शहरभर नैराश्याबद्दल उघडपणे बोललं गेलं. आत्महत्या आणि प्रयत्न मिळून २४ टक्क्यांनी घटले. ही मोहीम नसलेल्या वुर्त्सबुर्गमध्ये तशी घट दिसली नाही.

राहिली ती घरं, जिथे हे घडून गेलं आहे. एका आत्महत्येचा चटका सव्वाशेहून अधिक ओळखीच्यांपर्यंत पोचतो, असा अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. जवळच्यांच्या मनात तसेच विचार येण्याचा धोकाही वाढतो. म्हणून त्यांना सावरणं हाही प्रतिबंधाचाच भाग मानला जातो. प्रत्यक्षात घडतं उलट. एरवी कुणी गेलं की लोक येतात, बसतात, आठवणी काढतात. इथे मात्र येणारे दारातूनच आवाज खाली आणतात, ‘का केलं असेल’ विचारतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. आधीच ‘माझं कुठे चुकलं’ म्हणून स्वतःला खात बसलेल्या त्या आईला, भावाला, बायकोला त्या एका ‘का’चं उत्तर देता येत नसतं. त्यांच्याकडे जायचं तर तो प्रश्न घेऊन जाऊ नये. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. तो कसा होता, कशाला हसायचा, हे आपल्याला आठवत असेल तर सांगावं. आणि महिन्याभरानं पुन्हा जावं, तीन महिन्यांनी पुन्हा.