४० मायक्रॉनचं भांडवल आणि फोमचा पॅड

नुकतीच धुतलेली काळी गाडी सावलीत उभी असली की आरशासारखी दिसते. तिच्याच बॉनेटवर टॉर्चचा झोत टाकून बघा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती बारीक रेषांची वर्तुळं उमटतात, कोळ्याच्या जाळ्यासारखी. टॉर्च वीतभर सरकवा, जाळंही तिच्याबरोबर सरकतं. म्हणजे हे चरे मुळात वर्तुळाकार नाहीतच. धुळीच्या फडक्यानं, कोरड्या हातानं, घाईत मारलेल्या स्पंजानं ते सगळ्या दिशांना आडवेतिडवे पडलेले असतात. पण प्रत्येक चरा आपल्या लांबीला काटकोनात प्रकाश फेकतो, त्यामुळे झोताला आडवे पडलेले तेवढेच चरे डोळ्यापर्यंत चमकतात आणि ठिपक्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. उरलेले तिथंच असतात, फक्त दिसत नाहीत. स्वर्ल मार्क म्हणतात ते हेच.

हे चरे काढायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे एकदा नीट समजलं की पॅड, म्हणजे पॉलिशच्या मशीनवर लावायची फोमची गोल चकती, निवडणं निम्मं सोपं होतं. पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरात असतो, त्यावरून अंदाज करा. ऊन-पावसापासून खालचा रंग राखायचं काम या केसाहून पातळ थरावर आहे. पॉलिश केल्यावर चरा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, कडा उरत नाहीत आणि चरा दिसेनासा होतो. प्रत्येक वेळी पॉलिश म्हणजे या भांडवलातून थोडा खर्च. नख अडकेल इतका खोल चरा असेल तर तो पूर्ण काढायचा हट्ट मी तरी धरत नाही. कडा बोथट करून सोडून देतो.

खर्च किती व्हावा हे लोक पॉलिशच्या बाटलीवरून ठरवतात. बाटलीइतकाच, बऱ्याचदा तिच्याहून जास्त, तो पॅडवरून ठरतो. तेच कंपाउंड, म्हणजे घासणाऱ्या कणांचं पॉलिश, कडक पॅडवर घेतलं तर झपाट्यानं कापतं, मऊ पॅडवर घेतलं तर हलकेच चकाकी आणतं. बाटलीत असतात ते ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे काही मायक्रॉनचे कठीण कण. ते कण किती जोरानं, किती वेगानं आणि किती सलग रंगावरून फिरतील हे त्यांच्या पाठीमागचा फोम ठरवतो.

कठीण कणांना मऊ पाठिंबा देण्याची युक्ती जुनी आहे. न्यूटननं आपल्या दुर्बिणीचा धातूचा आरसा चकचकीत करायला पिचचा, म्हणजे डांबरासारख्या हळूहळू वाहणाऱ्या पदार्थाचा थर वापरला होता. कडक पाठीवरचा एखादा मोठा कण खोल ओरखडा काढतो. पाठ मऊ असेल तर तोच कण मागे रुतून बसतो आणि सगळे कण जवळपास सारख्या दाबानं काम करतात. गाडीच्या रंगावर पिचचं काम फोम करतो.

आपले पॅड पॉलियुरेथेनचे असतात. हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत तयार केला. फोम करताना पाण्याची आयसोसायनेट या घटक रसायनाशी क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण बुडबुड्यांनी फुगतं. भिंगाखाली पॅड धरला तर एकमेकाला चिकटलेले छोटे पिंजरे दिसतात. काही पिंजऱ्यांच्या खिडक्यांवर पातळ पापुद्रे असतात. काही फोममध्ये बंद कोठीत वायू पेटवून हे पापुद्रे उडवून दिलेले असतात, मग उरतो तो नुसता सांगाडा. अशा उघड्या फोममधून हवा खेळते, तो कमी तापतो, घासलेला मळ पोटात घेतो आणि लवकर वाळतो. पापुद्रे असलेला फोम कंपाउंड पृष्ठभागावर जास्त वेळ धरून ठेवतो. इंचाला ६० छिद्रांचा फोम घेतला तर एकेक छिद्र साधारण ०.४ मिलिमीटरचं होतं, म्हणजे कंपाउंडच्या कणाच्या शंभरपट किंवा त्याहूनही मोठं.

दुकानात पॅड रंगांवर ओळखले जातात आणि इथं चांगले चांगले फसतात. नारिंगी म्हणजे कापणारा, काळा म्हणजे शेवटच्या हाताचा (नुसती चकाकी आणणारा), असा सर्व कंपन्यांना लागू असलेला नियम नाही. एका कंपनीचा पांढरा मऊ असतो, दुसरीचा कडक. पाठीवरचं वर्णन वाचा आणि अंगठ्यानं दाबून बघा. अंगठा लगेच टेकला आणि फोम सावकाश वर आला, तर तो शेवटच्या हाताचा. दाबाला उलट ढकलतो, चटकन उसळतो, तो कापणारा.

कापण्याचं गणित एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी १९२७ मध्ये काचेच्या पॉलिशसाठी मांडलं होतं. किती पदार्थ निघेल हे दाब गुणिले वेग यावर अवलंबून असतं. रंगाच्या पॉलिशलाही हे सूत्र ढोबळमानानं लागू पडतं. १२५ मिलिमीटरचा पॅड काढून ७५ मिलिमीटरचा लावला आणि हाताचा जोर तोच ठेवला, तर क्षेत्रफळ कमी झाल्यामुळे दाब जवळजवळ पावणेतीनपट होतो. मशीन थोडं तिरकं धरलं की त्याहून जास्त. छोटा पॅड नाजूक जागेसाठी म्हणून घेतात आणि हात मात्र मोठ्या पॅडचाच चालवतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता वेग. डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे दुहेरी हालचालीच्या) मशीनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरता फिरता छोटी वर्तुळंही काढतो. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. ८ मिलिमीटर थ्रोच्या मशीनवर प्रत्येक फेरीत फोमचा बिंदू साधारण २५ मिलिमीटर धावतो, १५ मिलिमीटरवर ४७. मिनिटाला ४,००० फेऱ्या धरल्या तर एकाचे १०० मीटर, दुसऱ्याचे १८८. रोटरी मशीनवर पॅड नुसता स्वतःभोवती फिरतो, मध्यबिंदू जागेवरच असतो, पण १५० मिलिमीटरच्या पॅडची कड १,५०० आरपीएमला मिनिटात ७०० मीटरच्या वर जाते. रोटरीची कड रंग का जाळते, ते या आकड्यात आलं. पहिल्यांदा मशीन हातात घेणाऱ्यानं डीएच घ्यावं, हे मी अगदी आग्रहानं सांगेन.

हे १०० मीटर मशीनच्या प्लेटचे, म्हणजे पॅड वेल्क्रोनं जिला चिकटतो त्या चकतीचे. रंगावर ते सगळे पोहोचतात का? जाड, मऊ पॅडमध्ये वरची बाजू मशीनबरोबर वर्तुळं काढते आणि खालची बाजू रंगाला चिकटून मागे राहते. मधला फोम नुसता मुरडत राहतो. हालचाल फोमच्या पोटातच जिरते आणि तिची उष्णता होते. म्हणूनच डीएसाठीचे पॅड अलीकडे पातळ झाले आहेत आणि त्यांचा व्यास प्लेटपेक्षा थोडासाच मोठा ठेवतात. फोम उष्णता अडवून धरतो, त्यामुळे सगळ्यात तापतं ते पॅडचं मधलं अंग, वेल्क्रोजवळ. काही पॅडच्या मध्यभागी असलेल्या छिद्राचं एक काम तिथल्या उष्णतेला वाट देणं आहे. पॅडचा मधला भाग आतून मऊ पडून वेल्क्रो सुटायला लागलं, तर पॅड खराब होता असं म्हणण्याआधी आपण किती जोर लावत होतो ते आठवावं.

पातळ आणि कडक पॅड सुद्धा एक गोष्ट करू शकत नाही. रंगाच्या पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे उंचवटे असतात. त्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची. इतक्या लांब लाटेवर फोम मुकाट्यानं वरखाली होतो, लाट तशीच राहते. चरा मात्र काही मायक्रॉन रुंदीचा, त्यात फोमचा सांगाडा उतरूच शकत नाही, तो वरून पूल बांधल्यासारखा जातो आणि कडाच घासतो. फोमला चरे निघतात आणि संत्र्याची साल निघत नाही, याचं कारण हे.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात नेहमी एका चौकोनावर करा. टेप लावून हातभर जागा आखा. घरातला सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश घेऊन बघा. चरे राहिले तर पॉलिश तेच ठेवून एक पायरी कडक पॅड लावा. तरीही राहिले तर मग कंपाउंड बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय कामी आलं ते कळतं. प्रत्येक फेरीनंतर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून टॉर्च मारा. पॉलिशमधलं तेल चऱ्यात बसून त्यांना तात्पुरतं लपवतं.

कोरड्या नव्या पॅडवर आधी बोटानं कंपाउंडचा पातळ हात फिरवा, सगळी छिद्रं ओली दिसली पाहिजेत. नंतर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशीन बंद असताना पॅड रंगावर टेकवा, कमी वेगावर पसरवा आणि मग वेग वाढवून सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर अशा चालीनं उभ्या-आडव्या फेऱ्या मारा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून. प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ ओढून ठेवा. रेघ गोल फिरताना दिसली तर पॅड फिरतोय. ती जागेवरच थरथरायला लागली तर दाब जास्त झालाय किंवा मशीन तिरकं आहे.

कडांचं सांगायला हवं. एका दरवाजाच्या वळणाच्या धारेवर मी ऐन भरात दोन फेऱ्या जास्त मारल्या आणि पॅडवर रंगाचा निळा डाग दिसला. तो डाग म्हणजे क्लिअर कोट संपला होता. ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरतो, त्यामुळे तिथला थर मुळातच पातळ असतो आणि वरून पॅडचा सगळा भार त्या एका रेषेवर येतो. तेव्हापासून मी धारांना आधी टेप लावतो, टेपच्या अलीकडेपर्यंत काम करतो आणि शेवटी टेप काढून मऊ पॅडचा एक हलका हात फिरवतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर दुप्पट सावध राहा. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक ती जागीच ठेवतं. रंगाच्या थराची जाडी मोजणारं साधं चुंबकी जाडीमापकही तिथं चालत नाही.

पॅड मळला की सगळं गणित बिघडतं. घासून निघालेला क्लिअर कोट आणि सुकलेलं कंपाउंड छिद्रांत साचतं, फोम टणक होतो, कण एकसारखे बसत नाहीत आणि चऱ्यांच्या जागी बारीक धुरकटपणा येतो. मग माणूस आणखी जोर लावतो. त्यापेक्षा प्रत्येक चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशनं पॅड झाडा, जमल्यास दाबाच्या हवेनं. दोन-तीन पॅनेलनंतर पॅड ओलसर, जड वाटू लागला की बदला. एका गाडीला एकच पॅड पुरवायचा प्रयत्न करू नका.

काम संपल्यावर पॅड लगेच धुवा, वाळलेलं कंपाउंड फोम फाडल्याशिवाय निघत नाही. कोमट पाणी आणि पॅड क्लीनर घ्या. थिनरसारखी द्रावणं वेल्क्रोचा डिंक सोडवतात. पिळू नका, दोन तळव्यांमध्ये दाबून पाणी काढा. मग मशीनवर लावून बादलीच्या आत धरा आणि कमी वेगावर उरलेलं पाणी उडवा. वाळत घालताना फोमची बाजू खाली आणि वेल्क्रो वर, म्हणजे पाणी चिकटवलेल्या जोडापासून दूर ओघळतं. पूर्ण वाळल्यावर पिशवीत बंद करा आणि त्यावर कोणतं कंपाउंड वापरलं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी कापणारं कंपाउंड लागलेला पॅड शेवटच्या हाताला चुकून उचलला, तर त्यात अडकलेला एखादा जाड कण अख्ख्या बॉनेटवर नवीन जाळं विणून ठेवतो.