मोटरहोमचे टायर

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेल्या गाडीचे टायर. मोटरहोम बहुधा मालवाहू व्हॅनच्या किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेली असते. व्हॅन माल उतरवला की हलकी होते. मोटरहोमवरचे कपाटांचे, टाक्यांचे आणि बॅटऱ्यांचे ओझे मात्र कधीच उतरत नाही. ती महिनोन्महिने एका जागी उभी असली तरी हा भार टायरांवर असतोच. त्यामुळे नक्षी झिजण्याआधी रबर म्हातारे होते.

टायर निवडताना त्यावरचा मजकूर आधी वाचावा लागतो. ‘२२५/७५ आर १६ सीपी ११६’ यातला २२५ हा रुंदीचा मिलिमीटरमधला आकडा, ७५ हे रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूच्या उंचीचे शेकडा प्रमाण, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा इंचांतला व्यास. ‘सीपी’ म्हणजे कॅम्पिंगच्या गाड्यांसाठी बनवलेला, साध्या व्यापारी ‘सी’ टायरपेक्षा दणकट टायर. ११६ हा भारांक एका टायरवर १,२५० किलो चालतात असे सांगतो. हा आकडा गाडीच्या निर्मात्याने ठरवलेल्या भारांकापेक्षा कमी असता कामा नये. पाणी, सामान आणि माणसांसह गाडी वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक एक्सलचे (समोरासमोरची चाके जोडणाऱ्या आसाचे) वजन घेणे हाच खरा हिशेब. कागदावरच्या वजनावर विसंबण्यात अर्थ नाही. शक्य असल्यास प्रत्येक चाक वेगळे तोलावे, कारण पाण्याची टाकी आणि स्वयंपाकघर एकाच बाजूला असू शकते.

हवेचा दाब टायर थंड असताना, त्या वजनासाठी टायर कंपनीने दिलेल्या तक्त्यावरून ठरवतात. सीपी टायरमध्ये मागच्या एकेरी चाकांना ५.५ बारपर्यंत दाब लागू शकतो. साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण ४.५ बारपर्यंतच चालतात, म्हणून तिथे धातूचे व्हॉल्व्ह बसवतात. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, तापते आणि टायर फुटतो.

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा संकेत असतो; त्यातले शेवटचे चार अंक उत्पादनाची तारीख सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ओझोन आणि उन्हापासून वाचवण्यासाठी रबरात मेण मिसळलेले असते. टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ते पृष्ठभागावर येते. उभ्या गाडीत ही क्रिया मंदावते आणि बाजूला बारीक तडे पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी, स्टेपनीसकट, बदल असा टायर उद्योगातला प्रचलित सल्ला आहे. युरोपीय संघात नक्षीची किमान खोली १.६ मिमी असली, तरी मोटरहोमच्या बाबतीत ती मोजून निर्धास्त होणे फसवे.

बदलताना एका एक्सलवरचे टायर एकसारखेच घ्यावेत. मागे जोडचाके (प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके) असतील तर दोन्हींचा व्यास जुळायलाच हवा, नाहीतर मोठा टायर जास्त भार ओढतो. आतल्या टायरची हवा कमी झालेली बाहेरून दिसत नाही. त्यासाठी व्हॉल्व्हची लांब नळी बसवून घेणे सोयीचे. चाकाचे नट ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळून ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासतात. स्टेपनीऐवजी मिळणारे पंक्चर भरण्याचे रसायन बाजू फाटलेल्या टायरला उपयोगी पडत नाही.