कंटेनर डॉकरच्या आधीपासनंच आहेत की ओ

उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीचं बिलिंग ॲप त्यांच्याच ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर चढवायचं म्हटलं की आपल्या बेळगावची पोरं आता आधी डॉकर (ॲप कंटेनरमध्ये भरून चालवायचं साधन) इन्स्टॉल करतात, आणि बऱ्याच जणांना वाटतं कंटेनर, म्हणजे एकाच सर्व्हरवर ॲपला बाकीच्यांपासनं वेगळं ठेवणारे कप्पे, डॉकरसोबत 2013 लाच जन्मले. तसं नाही बघा. 1979 ला, म्हणजे आपलं गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं त्याच साली, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सीएचरूट आलं, प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) सांगायचं की हा फोल्डर म्हणजेच तुझी सगळी डिस्क, बाहेरचं बघायचं नाही. रूट युजर (सगळे अधिकार असलेला) मात्र त्यातनं आरामात निसटायचा. 2000 ला फ्रीबीएसडीनं (युनिक्सच्याच घराण्यातली सिस्टीम) जेल काढलं, तसलाच पण जास्त पक्का कप्पा. लिनक्समध्ये हेच हप्त्याहप्त्यानं आलं, 2002 पासनं नेमस्पेस आणि 2008 ला सीग्रुप्स, जे मुळात गूगलच्या इंजिनिअरांचं काम. प्रोसेसला काय दिसणार ते नेमस्पेस ठरवतं, रॅम-सीपीयू किती खाणार ते सीग्रुप. त्याच वर्षी दोन्ही वापरून एलएक्ससी हे लिनक्सवर कंटेनर चालवायचं साधन पण आलं.

मग मार्च 2013 मध्ये पायकॉनला (पायथॉनवाल्यांची परिषद) डॉकरच्या सॉलोमन हाईक्सनं पाच मिनिटांत दाखवलं ते काय होतं? माझ्या मते पॅकिंग, बाकी मसाला सगळा जुनाच. त्याआधी एफटीपीनं सर्व्हरवर फाईली टाकायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं, लॅपटॉपवर पीएचपी 5.4, सर्व्हरवर 5.3, कोडात कुठंतरी चौकोनी कंसातला ॲरे (5.3 ला तो कळतच नाही), की पार्स एरर येऊन सगळी साईट झोपली. डॉकरच्या इमेजमध्ये (ॲपचं तयार पॅकेट) पीएचपी, लायब्ऱ्या सगळं ॲपसोबतच जातं, सर्व्हरचा फक्त कर्नल (लिनक्सचा गाभा) वापरायचा. 2014 ला (सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं ते वर्ष, आम्ही म्हणतोय बेळगावच) डॉकरनं फिग बनवणारी कंपनी विकत घेतली आणि फिगचं कंपोज (बरेच कंटेनर एकदम चालवायचं साधन) झालं, म्हणून आज ॲप, डेटाबेस, एनजिनएक्स (वेब सर्व्हर) सगळ्यांची मांडणी एका यामल फाईलीत (साधी सेटिंगची फाईल) बसते. 2015 च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनं साईटचं सुरक्षा सर्टिफिकेट फुकट केलं, मग स्वतःच्या सर्व्हरवर एचटीटीपीएसचा खर्च पण गेला.

कर्नल सगळ्या कंटेनरांचा एकच, हे मात्र विसरतात लोकं. आणि फायरवॉलचं पण तसंच, कंटेनरचा पोर्ट पब्लिश केला (बाहेरच्यांसाठी उघडला) की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची मूळ फायरवॉल) स्वतःचे नियम घालतो, यूएफडब्ल्यूमध्ये (तीच फायरवॉल सोपी करून देणारं साधन) तो पोर्ट बंद दिसत असला तरी बाहेरनं उघडाच, त्यामुळं डेटाबेसचा पोर्ट 127.0.0.1 ला (म्हणजे फक्त त्याच सर्व्हरला) बांधा, नाहीतर पब्लिशच करू नका, कंपोजच्या आतल्या नेटवर्कवर ॲपला तो तसाही मिळतो.