चेहऱ्याच्या व्यायामाने गाल भरतात, पण सुरकुत्यांचं काय?

पंचेचाळिशीनंतर कुणीतरी हमखास विचारतं, "आजारी होतीस का गं?" आपण ठणठणीत असतो, पण गाल बसलेले असतात. चेहऱ्याच्या त्वचेखाली चरबीच्या छोट्या गाद्या असतात. वयानुसार त्या पातळ होतात आणि खाली सरकतात, खालचं हाडही थोडं झिजतं. अभ्रा तोच, आतला कापूस मात्र कमी झालेला.

त्यातच पाळी थांबते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्यामुळे पहिल्या पाचेक वर्षांत त्वचेला घट्टपणा देणारं कोलाजेन हे प्रथिन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, म्हणजे अभ्र्याचं कापडही विरतं.

चेहऱ्याच्या व्यायामाने हे भरून निघतं का? शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या त्वचातज्ज्ञांनी हे तपासलं आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४० ते ६५ वयाच्या २७ स्त्रियांना ३२ व्यायाम शिकवले. पहिले आठ आठवडे रोज अर्धा तास, पुढे विसाव्या आठवड्यापर्यंत दिवसाआड. शेवटपर्यंत टिकल्या १६ जणी. घर, नोकरी सांभाळून रोजचा अर्धा तास काढणं किती अवघड असतं, ते यातून दिसतंच. फोटो कधीचा आहे हे माहीत नसलेल्या डॉक्टरांनी वयाचा अंदाज बांधला. सुरुवातीला सरासरी ५०.८ वर्षं, शेवटी ४८.१.

हा फरक आला गालांमुळे. गालांचा वरचा आणि खालचा भाग भरलेला दिसू लागला. व्यायामाने दंड भरतो, तसेच हे स्नायूही थोडे जाड होत असावेत आणि विरळ झालेल्या चरबीची जागा घेत असावेत, असं संशोधकांना वाटतं. मला हे पटण्यासारखं वाटतं. पण अभ्यास फारच लहान होता आणि व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांचा गट तुलनेला नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

सुरकुत्यांची गोष्ट वेगळी. दंडाचे स्नायू हाडांना जोडलेले असतात, चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र थेट त्वचेला. म्हणून तर आपल्याला हसता येतं, कपाळाला आठ्या घालता येतात. त्याच घड्या वर्षानुवर्षं पडून कायमच्या होतात. बोटॉक्सचं इंजेक्शन त्या स्नायूंना सैल करूनच आठ्या घालवतं. त्यामुळे भुवया जोरजोरात उंचावण्याचे व्यायाम मी कुणालाच सुचवणार नाही. करायचेच तर गालांचे करावेत: तोंडाचा 'ओ' करून वरचा ओठ दातांवर ओढायचा, हसून गाल वर उचलायचे, सोडायचे, पुन्हा उचलायचे.

त्वचेचं खरं नुकसान करतं ते ऊन. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्क झाली. ती माणसं बहुतेक गोरी होती. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य सुरकुत्या जरा लांबवतं, पण आपल्याकडे सुरकुत्यांच्या आधी वांग आणि काळे डाग येतात. वांगाला नुसतं अतिनील किरणांचं नव्हे, दिसणाऱ्या प्रकाशाचंही निमित्त पुरतं, आणि साधं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. म्हणून वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं.