दफनभूमीतलं पिवळं गवत: झोपलंय की मेलंय?

एप्रिल २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी दुष्काळामुळे शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करायचा आदेश काढला आणि त्यात कॉलेजं, गोल्फ कोर्स यांच्या जोडीला दफनभूम्यांचंही नाव घेतलं होतं. आता अशा वेळी स्प्रिंकलर कमी केले की हिरवळ पिवळी पडणारच, मग घरचे लोक हळहळतात, आईच्या थडग्यावरचं गवत मेलं म्हणतात. ते वाईट वाटणं अगदी खरंय. पण ते गवत बऱ्याचदा मेलेलं नसतं हो, झोपलेलं असतं, म्हणजे पाणी नाही म्हणून वाढ थांबवून जिवंत राहिलेलं असतं, आणि हे ओळखता आलं ना तर खूप पाणी वाचतं.

लांबून दोन्ही सारखीच दिसतात. फरक बुडख्यात असतो, म्हणजे पाती आणि मुळं जिथे जुळतात ना तिथे. मूठभर गवत धरून ओढून बघा, झोपलेलं असेल तर घट्ट धरून राहतं आणि बुडखा पांढरट, टणक लागतो, मेलेलं असेल तर मुळासकट सहज हातात येतं आणि बुडखा तपकिरी, ठिसूळ. तरी खात्री नसेल तर एका छोट्या तुकड्याला आठवडा-दहा दिवस पाणी द्या, हिरवे कोंब दिसले तर जिवंत आहे.

जातीवरही बरंच आहे. तिकडे लॉनला लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वा, आणि हरळी किती चिवट ते शेतकऱ्याला सांगायला नको, उन्हाळाभर वाळून पहिल्या पावसात परत उभी. टॉल फेस्क्यू या लॉनच्या दुसऱ्या गवताचं तसं नाही, ते जास्त दिवस हिरवं राहतं पण एकदा मेलं की तो तुकडा आपोआप भरत नाही, बी टाकावंच लागतं.

झोपलेल्या गवताला दोन ते चार आठवड्यांनी अर्धा इंच पाणी पुरतं, तेवढ्याने ते हिरवं होणार नाही पण बुडखा जगतो. खत अजिबात नको. आणि खड्डा खणायचं मशीन त्यावरून नेताना खाली प्लायवूड टाका, कारण दबलेला बुडखा मग पाणी दिलं तरी उठत नाही.

झाडांना मात्र हा नियम लावू नका प्लीज! लॉनच्या स्प्रिंकलरवर वाढलेलं रेडवुड (तिकडचं उंच सूचिपर्णी झाड) पाणी तुटल्यावर लगेच काही दाखवत नाही, कधी कधी वर्षभराने शेंडा वाळायला लागतो आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. गवत एका सीझनमध्ये परत पेरता येतं, शंभर वर्षांचं झाड नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की लॉनचं वाचलेलं पाणी आधी अशा झाडांना द्या, खोडाशी नाही तर फांद्यांच्या घेराखाली, सावकाश, खोलवर मुरेल असं.